पाण्यातला प्राणवायू : नायगावच्या एका शेततळ्याची गोष्ट

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या पेपरात मला कायम काठावरचे मार्क्स. त्यामुळे मराठी विभागासाठी लिहिते म्हटल्यावर रूममेट्सनी जो काही हशा पिकवला, तो तुम्ही न ऐकलेलाच बरा! पण हा विषय आमच्या घरात घडला, मराठीत घडला, आणि आमच्या काकांच्या भांडणाचं इंग्रजी काही मला जमणार नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात.

आमचं गाव नायगाव. नांदेडहून देगलूरकडे जाताना लागतं ते. गावाबाहेर काकांची जमीन आहे आणि तिथे 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून (ही योजना २०१६ साली सुरू झाली) खोदलेलं शेततळं आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, खाली प्लॅस्टिकचं अस्तर. ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच वर्षीची ही योजना. त्यामुळे आमच्याकडे तळ्यातलं पाणी म्हणजे काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. काकांनी तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले होते. आदल्या वर्षीचे मासे किलो-किलोचे झाले होते, आणि या पावसाळ्यात नवी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली होती.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या सुटीत मी घरी होते. चार दिवस आभाळ नुसतं भरून होतं. पाचव्या दिवशी पहाटे काकांचा आवाज आला, "अगं उठा, मासे गेले सगळे!" आम्ही पळत गेलो तर तळ्याच्या कडेला पांढरी पोटं वर करून मासेच मासे. सव्वाशे तरी असतील. दसऱ्याच्या आधी विकायचे होते ते.

शेजारचं रान आमच्याच भाऊकीतल्या आप्पांचं आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी जरा उघडीप मिळाली म्हणून त्यांनी कापसावर फवारणी केली होती. झालं! काकांनी तिथेच ठरवून टाकलं, "त्यानंच औषध टाकलंय तळ्यात. बांधाचा राग काढायलाय माझ्यावर." दुपारपर्यंत पाच-दहा लोक जमले. कुणी म्हणे तहसीलला जा, कुणी म्हणे पोलीस स्टेशनला. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आप्पांच्या घरचं कुणी आलं नाही, आणि आमच्याकडूनही त्यांना बोलवायला कुणी गेलं नाही.

मी थर्ड इयर सिव्हिलची विद्यार्थिनी. पर्यावरणाच्या लॅबमध्ये आम्ही पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजेच डी.ओ., मोजण्याचं प्रॅक्टिकल नुकतंच केलं होतं. केलं होतं म्हणजे काय, तर चौघींच्या ग्रुपमध्ये एकीने केलं, आणि बाकी तिघींनी जर्नलमध्ये उतरवलं. (मी तिघींपैकी एक!) पण एक गोष्ट मला खटकत होती. मेलेले सगळे मासे मोठे होते. बोटुकली मात्र कडेला बिनधास्त फिरत होती. मी आमच्या सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "डी.ओ. मोज. पण पहाटे मोज."

पहाटेच का? ते समजण्यासाठी आधी थोडी थिअरी.

मासे कोणता ऑक्सिजन घेतात?

बऱ्याच जणांना वाटतं (मलाही आठवीपर्यंत वाटायचं) की पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन असतोच, तोच मासे घेत असतील. तसं नाही. तो हायड्रोजनशी पक्का बांधलेला असतो, तो काही माशाला सुटत नाही. मासे घेतात तो पाण्यात विरघळलेला वेगळा ऑक्सिजन, जसा सोड्याच्या बाटलीत कार्बन डायऑक्साईड विरघळलेला असतो तसा. तो पाण्यात दोन वाटांनी येतो. एक, वरच्या हवेतून, पाण्याच्या पृष्ठभागातून. दोन, पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ उन्हात प्रकाशसंश्लेषण करतात त्यातून.

पण पाणी या बाबतीत फार कंजूष आहे! एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात मात्र २५ अंश तापमानाला जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. म्हणजे हवेपेक्षा तीस-पस्तीस पट कमी. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत सगळा मिळून दोन चमचे साखरेच्या वजनाइतका ऑक्सिजन, एवढाच हिशेब.

त्यातही पाणी जसं तापतं तसा तो आणखी कमी होतो. शून्य अंशाला १४.६ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१, ३० अंशाला ७.६ आणि ३५ अंशाला जेमतेम ७. म्हणजे आपल्या नांदेडच्या मे महिन्यात माशाची गंमत बघा, पाणी गरम झाल्याने त्याच्या शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. शिवाय हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. नांदेड सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे आपल्याकडे यातून अजून चारेक टक्के वजा करायचे. खारट पाण्यातही तो कमी मावतो, समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा साधारण वीस टक्क्यांनी कमी.

रोहू-कटल्यासारख्या माशांना साधारण ५ मिलिग्रॅमच्या वर सुखाचं. ३ च्या खाली गेलं की ते खाणं सोडतात, पाण्यावर तोंड काढून हवा गिळू लागतात. २ च्या खाली काही तास राहिलं तर मरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीतही मत्स्यपालनाच्या पाण्यासाठी किमान ४ आणि नदी-तलावात आंघोळ करण्याच्या पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम अशी अट आहे.

पहाट हीच खरी वेळ

आता काकांचं तळं डोळ्यासमोर आणा. पाणी हिरवंगार. काका त्याचा अभिमानाने उल्लेख करायचे, "बघ, कसं खत लागलंय पाण्याला!" हा हिरवेपणा म्हणजे सूक्ष्म शेवाळ. दिवसा ऊन असताना ते भरपूर ऑक्सिजन तयार करतं. इतका, की संध्याकाळी पाण्यात मावतो त्याहून जास्त ऑक्सिजन असतो. पण सूर्य मावळला की कारखाना बंद! आणि श्वास मात्र सगळ्यांचा चालूच. शेवाळाचा, तळाशी कुजणाऱ्या शेणाचा आणि पेंडीचा फडशा पाडणाऱ्या जिवाणूंचा, आणि माशांचा. यात माशांचा वाटा खरं तर लहान असतो. रात्रभर ऑक्सिजन उतरत जातो आणि सूर्योदयाच्या जरा आधी सगळ्यात खाली येतो.

चार दिवस आभाळ भरलेलं असलं तर? दिवसाची कमाई कमी आणि रात्रीचा खर्च तेवढाच. चौथ्या-पाचव्या पहाटे शिल्लक संपते. तीस बाय तीसच्या तळ्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी धरलं, तर पूर्ण भरलेल्या अवस्थेतही त्यात सगळा मिळून पंधराएक किलोच ऑक्सिजन असतो. एक माणूस दिवसाला साधारण पाऊण-एक किलो ऑक्सिजन वापरतो. म्हणजे एवढ्या मोठ्या तळ्यातला ऑक्सिजन पंधरा-वीस माणसांना एक दिवस पुरेल एवढाच! आपल्याला तळं केवढं मोठं वाटतं, नाही?

मुंबईच्या वाळकेश्वरला बाणगंगा तलाव आहे. तिथे सर्वपित्री अमावास्येनंतर तलावात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आल्या. पितृपक्षात पाण्यात सोडलेलं अन्न कुजतं, जिवाणू वाढतात आणि ऑक्सिजन संपतो. तिथेही कुणी विष टाकलेलं नसतं. भात आणि पिंडच पुरेसे होतात.

विंकलरची बाटली

ऑक्सिजन दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. मग मोजायचा कसा? १८८८ साली बुडापेस्टच्या लायोश विंकलर नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने यावर उपाय काढला. आज सव्वाशे वर्षांनंतरही नवी मशीन्स बरोबर चालतात की नाही हे तपासायला त्याचीच पद्धत वापरतात.

कल्पना अशी. ऑक्सिजनला सरळ पकडता येत नाही, तर त्याला दुसऱ्या कशात तरी अडकवायचं आणि ते मोजायचं. तीनशे मिलिलिटरची काचेची बी.ओ.डी. बाटली काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा नको. त्यात मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाईड-अझाईड यांचं एकेक मिलिलिटर द्रावण पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं. बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची. मँगनीजचा साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो या साक्याला चिकटतो आणि साका तपकिरी होतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

साका खाली बसला की एक-दोन मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड टाकायचं. साका विरघळतो, आणि जेवढा ऑक्सिजन अडकला होता तेवढ्याच हिशेबात आयोडिन मोकळं होतं. पाणी चहासारखं पिवळं-लाल दिसतं. आता त्यातलं २०० मिलिलिटर (काटेकोरपणे २०१, कारण रसायनं घालताना दोन मिलिलिटर पाणी बाहेर सांडतं) फ्लास्कमध्ये घेऊन ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं. रंग फिका झाला की स्टार्च घालायचं, पाणी एकदम निळं होतं. मग निळा रंग जाईपर्यंत पुन्हा थेंब थेंब.

आणि आता गंमत. थायोसल्फेटचं द्रावण ०.०२५ नॉर्मल असेल, तर त्याचा एक मिलिलिटर म्हणजे ०.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन. आपण २०० मिलिलिटर पाणी घेतलंय, म्हणजे लिटरचा पाचवा हिस्सा. ०.२ गुणिले ५ म्हणजे १. थोडक्यात काय, तर ब्युरेटचं जेवढे मिलिलिटर रीडिंग, तेवढाच लिटरमागे मिलिग्रॅम ऑक्सिजन! कॅल्क्युलेटरसुद्धा नको. जर्नलमध्ये मी हे सूत्र पाठ करून लिहिलं होतं. त्यामागचं कारण कळलं ते या प्रकरणात.

अझाईड कशाला, असा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो. तळ्याच्या पाण्यात माशांच्या विष्ठेमुळे, खतामुळे नायट्राईट असतं. तेही आयोडिन मोकळं करतं आणि खोटं रीडिंग देतं. अझाईड त्या नायट्राईटचा बंदोबस्त करतं. मात्र अझाईड विषारी आहे आणि ते अल्कलीचं द्रावण कातडी जाळतं. हातमोजे, चष्मा हवाच. रसायनं सरांच्या परवानगीशिवाय घरी नेऊ नका. मला सरांनी दिली तीसुद्धा मोजून, बंद डब्यात, आणि ॲसिड दिलंच नाही. "साका धरून घे, बूच पाण्याच्या सीलमध्ये ठेव, अंधारात झाकून आण. ॲसिड इथं लॅबमध्ये," असं ठरलं.

माझी चूक

तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी आणि चुलतभाऊ तळ्यावर गेलो. (प्लॅस्टिकच्या तळ्याचे काठ फार निसरडे असतात. एकट्याने कधीच जाऊ नका. आम्ही कमरेला दोर बांधला होता.) मी मगाने पाणी काढलं, बाटलीत ओतलं, रसायनं घातली. साका मध्यम तपकिरी. साडेसहाच्या एस.टी.ने नांदेड गाठलं, लॅबच्या मामांनी लॅब उघडून दिली. रीडिंग आलं ४.८.

४.८ म्हणजे चांगलं की! मासे मरण्याचं काही कारणच नाही. मी प्रामाणिकपणे काकांना फोन करून सांगितलं. पलीकडून काका म्हणाले, "मी काय म्हणत होतो? ऑक्सिजन हाय म्हणजे औषधच टाकलंय. उद्या जातो स्टेशनला. तुझा कागद देशील न लिहून?"

माझ्या पोटात गोळा आला. माझ्या एका आकड्यावर आप्पांवर केस होणार होती. आप्पांची मुलगी माझ्याबरोबर लहानपणी चिंचा गोळा करायला यायची.

मी सरांकडे गेले. सरांनी रीडिंग बघितलंच नाही. त्यांनी विचारलं, "बाटली भरली कशी?" मी सांगितलं, मगाने. सर हसले, आणि मग जरा रागावलेच. "ओतताना पाणी खळखळलं की हवा मिसळणार. ऑक्सिजन कमी असलेलं पाणी तर हवेतून अधाशासारखं ओढून घेतं. तू तळ्याचा ऑक्सिजन मोजला नाहीस, मगाचा मोजलास."

पद्धत शंभर टक्के बरोबर, रसायनं बरोबर, गणित बरोबर, आणि उत्तर चूक. कारण नमुनाच चुकीचा होता. मी काकांना परत फोन केला, "काका, थांबा. माझं चुकलंय. दोन दिवस द्या." काका काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी गेलेही नाहीत.

लोणच्याच्या बरणीचा सॅम्पलर

लॅबमध्ये खोल पाण्यातून नमुना घ्यायचं पितळी सॅम्पलर आहे म्हणतात, पण ते कपाटाच्या किल्लीसकट कुठे आहे कुणालाच माहीत नाही. म्हणून सरांनी चित्र काढून दिलं आणि आम्ही घरीच बनवलं. दीड-दोन लिटरची प्लॅस्टिकची लोणच्याची बरणी. आत बी.ओ.डी. बाटली उभी, भोवती वजनासाठी दगड. झाकणाला दोन भोकं. एका भोकातून नळी थेट बाटलीच्या तळापर्यंत. दुसरं भोक हवा बाहेर जायला. बरणी बांबूला बांधून अर्धा मीटर खोल सोडायची. पाणी नळीतून बाटलीच्या तळाशी शिरतं, शांतपणे वर चढतं, बाटलीतून ओसंडून बरणीत पडतं. बरणी भरेपर्यंत बाटलीतलं पाणी तीन-चारदा बदलून जातं, आणि शेवटी उरतं ते हवेचा स्पर्श न झालेलं पाणी. बुडबुडे थांबले की बरणी वर.

फिशटँकसाठी एवढा खटाटोप नको. हवेच्या पंपाची बारीक नळी घेऊन सायफनने पाणी काढा, नळीचं टोक बाटलीच्या तळाशी ठेवा आणि बाटली दोन-तीनदा ओसंडून वाहू द्या.

दोन दिवसांनी पुन्हा आभाळ भरून आलं. संध्याकाळी साडेपाचला एक बाटली घेतली आणि दुसऱ्या पहाटे साडेपाचला दुसरी. दोन्ही बाटल्या मी बांधावर शेजारी शेजारी ठेवल्या. काका होते, आजी होती, आणि रानात आलेले आप्पा पण बांधापलीकडे उभे होते. संध्याकाळच्या बाटलीतला साका गडद तपकिरी, कडक चहासारखा. पहाटेच्या बाटलीतला जवळजवळ पांढरा, दुधात चमचाभर चहा पडावा तसा.

मी सांगितलं, हा रंग म्हणजे ऑक्सिजन. तेच तळं, तेच पाणी, मध्ये फक्त एक रात्र.

काकांनी पांढरी बाटली उचलून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "मग इतके दिवस कस्काय जगले?" बरोबर प्रश्न होता. मी विचारलं, "काका, मासे मरायच्या आधी काय वेगळं केलं होतं?" काका गप्प. आजीनेच सांगितलं. दसऱ्यापर्यंत वजन वाढावं म्हणून आठवडाभर शेंगदाण्याची पेंड दुप्पट टाकत होते, आणि वरून शेणकाला.

लॅबमधली रीडिंग्ज आली. संध्याकाळची ११.४, पहाटेची १.६. दोन्हींना त्या तापमानाला पाण्यात सामान्यपणे मावतो तो आकडा होता सुमारे साडेसात. म्हणजे संध्याकाळी दीडपट, पहाटे पाव हिश्शाहून कमी.

विष की ऑक्सिजन?

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर, ही रीडिंग्ज मासे मेल्यानंतरच्या दिवसांतली आहेत. त्या पहाटे ऑक्सिजन किती होता ते कुणीच सांगू शकणार नाही. आणि पाण्यात कीटकनाशक होतं का, ते मी तपासलेलं नाही, त्याची लॅब वेगळी. पण तळं कुठपर्यंत उतरू शकतं हे तर दिसलं. त्याच्या जोडीला सरांनी सांगितलेल्या खुणा जुळवून पाहिल्या.

ऑक्सिजन संपला तर मासे पहाटे मरतात, आधी पाण्यावर तोंड काढून हवा गिळतात, आणि सहसा मोठे मासे आधी जातात, कारण त्यांची गरज मोठी असते. विषबाधा दिवसा-रात्री कधीही होते, त्यात बहुधा छोटे मासे आधी मरतात, आणि मासे वेडेवाकडे पोहताना, झटके देताना दिसतात. मरळ आणि मागूर हे मासे थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. ऑक्सिजन संपलेल्या तळ्यात ते बऱ्याचदा तरतात. आमच्या तळ्यात मोठे रोहू-कटले मेले, बोटुकली जगली, आणि सगळं पहाटे. आप्पांच्या औषधाने बोटुकली सोडून किलोचे मासेच निवडून मारले असतील, हे काकांनाही पटेना.

मीटर घ्यावं का?

रोज रोज बाटल्या आणि ॲसिड कोण करणार? म्हणून डी.ओ. मीटर असतात. जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये लेलँड क्लार्क या अमेरिकन संशोधकाने शोधलेला इलेक्ट्रोड असतो. त्याने तो १९५६ साली प्रसिद्ध केला, आणि मुळात रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी बनवला होता. पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, कॅथोडवर त्याची रासायनिक क्रिया होते आणि विजेचा बारीक प्रवाह वाहतो. प्रवाह जितका जास्त, ऑक्सिजन तितका जास्त. पण हा इलेक्ट्रोड मोजता मोजता ऑक्सिजन खातो. त्यामुळे तो पाण्यात हलवत राहावं लागतं, नाहीतर टोकाशी असलेला ऑक्सिजन संपून रीडिंग खाली खाली जातं. पडदा फाटला किंवा आतलं द्रावण सुकलं तरी रीडिंग चुकतं. (आमच्या लॅबमधलं मीटर याच कारणाने दोन वर्षं खोक्यात विश्रांती घेतंय!)

नवीन मीटर प्रकाशावर चालतात. टोकावर एक रंगद्रव्य असतं, त्यावर निळा प्रकाश पाडला की ते लाल चमकतं. ऑक्सिजन असेल तर ही चमक लवकर विझते. ती किती वेगाने विझली यावरून ऑक्सिजन कळतो. हे ऑक्सिजन खात नाही, ढवळायची गरज नाही, पण महाग. मीटर कोणतंही असो, वापरण्याआधी ओलसर हवेत धरून ते शंभर टक्क्यांवर जुळवायचं, आणि अधूनमधून सोडियम सल्फाईटच्या पाण्यात शून्य दाखवतं का ते बघायचं. न जुळवलेलं मीटर म्हणजे पुन्हा माझा मगच!

ज्यांना यातलं काहीच शक्य नाही त्यांच्यासाठी फुकटातला उपाय. भर दुपारी तळ्यात हात कोपरापर्यंत बुडवा. तळहात दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालंय, खत-पेंड थांबवा. आणि पहाटे एक चक्कर मारा. मासे तोंड वर काढून असतील तर मीटरची वाट बघू नका.

फिशटँकवाल्यांसाठी

होस्टेलवर, घरी छोटा टँक असणाऱ्यांनाही हेच नियम. गोल काचेचं भांडं काठोकाठ भरू नका, तोंडाशी पृष्ठभाग लहान होतो आणि हवा कमी मिळते. पंपाचे बुडबुडे दिसायला छान, पण त्यांचं मोठं काम म्हणजे पृष्ठभाग हलता ठेवणं. लाईट गेली तर मगाने पाणी काढून उंचावरून परत ओता. (हो, मग इथे उपयोगाचा आहे!) उन्हाळ्यात मासे कमी ठेवा, खाणं कमी टाका. न खाल्लेला प्रत्येक दाणा रात्री ऑक्सिजन खातो.

शेवटी काय झालं?

काका पोलीस स्टेशनला गेले नाहीत. पेंड मोजून टाकतात, आभाळ असलं की बंद. पंपाचा पाईप वळवून, त्याला भोकं पाडून, तळ्याचंच पाणी फवाऱ्यासारखं तळ्यात परत पाडायची सोय चुलतभावाने केली. बोअरचं पाणी सोडायचा त्यांचा विचार होता, पण जमिनीखालच्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो, ते सोडायचं तर उंचावरून पाडूनच सोडायचं. पुढच्या एका ढगाळ पहाटे फवारा चालू असताना मी रीडिंग घेतलं, ३.४ आलं. फार चांगलं नाही, पण मासे जगले.

अडचण एकच होती. थ्री फेज लाईट कधी दिवसा तर कधी रात्री, आणि जेव्हा हवी तेव्हा नेमकी नसते. डिझेल इंजिन गावात आमच्या बाजूला एकाकडेच आहे. आप्पांकडे.

दिवाळीच्या सुटीत मी गेले तेव्हा ते इंजिन आमच्या तळ्याच्या काठावर होतं. कुणी मागितलं, कुणी दिलं, मी विचारलं नाही. आप्पा बांधावर भेटले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, त्या बाटलीत माझं औषध नव्हतं न?"

मी म्हटलं, "आप्पा, औषध मी तपासलंच नाही. ऑक्सिजन नव्हता, एवढं नक्की."

ते मान हलवून निघून गेले. काका-आप्पा अजून फारसं बोलत नाहीत. इंजिन मात्र तिथेच आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी प्रॅक्टिकलला चौघींपैकी एकीला करू देऊन बाकीच्या उतरवू नका. आणि रीडिंग लिहिण्याआधी स्वतःला सरांचा तो प्रश्न विचारा : बाटली भरली कशी?